हिरव्या चहात केळे नको

१६३८ साली योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत उतरला. इंग्रज वखारीतल्या रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई आणि डच, इंग्रज, इथले लोक सगळेच तो पोट साफ करणारे औषध म्हणून पितात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. भारतात तेव्हा चहाचा एकही मळा नव्हता. आसामच्या जंगलातली चहाची झाडे रॉबर्ट ब्रूसच्या नजरेस पडली ती थेट १८२३ मध्ये. सुरतेला लागणारी पत्ती समुद्रमार्गाने चीनकडून येत असे.

पुढे १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री इथे आला. मराठी माणसाला सुरत म्हटले की शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांची १६६४ आणि १६७० ही दोन सालेच आठवतात; ओव्हिंग्टन आला तो त्यानंतरच्या सुरतेत. इथले लोक चहा गरम मसाल्याबरोबर उकळतात, खडीसाखर घालतात आणि काही शौकीन त्यात मुरवलेली छोटी लिंबे टाकतात, असे तो लिहितो. मायदेशी परतल्यावर १६९९ मध्ये त्याने चहाच्या गुणांवर एक स्वतंत्र पुस्तिकाच काढली. तीत ज्या तीन जातींचे वर्णन आहे, त्यांतल्या सिंगलो आणि बिंग या दोन हिरव्या चहाच्या. ग्रीन टी हे कालपरवाचे फॅड आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि ती लिंबेही विसरू नयेत, कारण त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आजची सुरत मात्र दुधावर जगते. १९५१ मध्ये स्थापन झालेली सुमूल डेअरी, रात्री उशिरापर्यंत रंगणारा कोल्ड कोको, पुदिना आणि गवती चहा घालून उकळलेला घट्ट दुधाळ चहा. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी घरे आहेत आणि सकाळचा पहिला कप त्यांच्याकडेही तोच असतो. त्यामुळे घरातली पोरे जिमला जाऊ लागली, मिक्सरमध्ये फळे आणि ग्रीन टी एकत्र फिरवू लागली, की मोठ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. दुधाचा थेंब नाही, मग यात दम तो काय? दम आहे. फक्त हे पेय बहुतेक ठिकाणी चुकीच्या फळाने केले जाते.

ते फळ म्हणजे केळे. खानदेशी घरात हे बोलणे जड जाते. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, सुरत-भुसावळ गाडीने येणारा पाहुणा फणी घेऊनच उतरतो. शिवाय दूध-दही टाळायचे तर स्मूदीला दाटपणा आणायला केळ्याइतके सोपे काहीच नाही. तरीही ग्रीन टीबरोबर ते नको, असे माझे ठाम मत आहे.

कारण समजून घेण्यासारखे आहे. चहाचे पान तोडून चुरगाळले की त्यातले पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर कामाला लागते. हवेच्या संगतीने ते पानातल्या कॅटेचिन नावाच्या गुणकारी मानल्या जाणाऱ्या घटकांचे रूप पालटते, पान तांबूस-काळे होते आणि आपला नेहमीचा काळा चहा तयार होतो. ग्रीन टी करताना पान तोडल्यावर लवकरच त्याला उष्णता देतात. जपानात वाफ, चीनमध्ये बहुधा तापलेली कढई. विकर तिथेच मरते, पान हिरवे राहते आणि कॅटेचिने टिकतात. कापलेले केळे काळे पडते तेही याच विकरामुळे. म्हणजे मळ्यातल्या कामगाराने तापल्या कढईशी उभे राहून जे विकर घालवले, ते आपण मिक्सरमध्ये केळ्याबरोबर परत आणतो.

२०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिस आणि इंग्लंडमधले रेडिंग विद्यापीठ इथल्या संशोधकांनी हेच माणसांवर तपासले. केळे आणि बदामाचे दूध यांच्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हॅनॉल घेतले, तेव्हा रक्तातले त्यांचे प्रमाण फ्लॅव्हॅनॉलची नुसती कॅप्सूल घेण्याच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी कमी भरले. बेरी फळांच्या स्मूदीने अशी घट झाली नाही. प्रयोग लहान होता आणि त्यात चहा वापरलेला नव्हता. पण कॅटेचिने फ्लॅव्हॅनॉलच्याच कुळातली. अननस, संत्रे आणि आंबा ही फळे अशा पेयाला चालतील, असे संशोधकांनी सांगितले. ही तिन्ही आपल्या बाजारातली.

आता ओव्हिंग्टनची लिंबे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००७ मध्ये प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करून पाहिले, तर नुसत्या ग्रीन टीतली २० टक्क्यांहून कमी कॅटेचिने शेवटपर्यंत टिकली. लिंबाचा रस घातल्यावर सुमारे ८० टक्के. हे काचेच्या भांड्यातले निकाल आहेत, पोटातले नव्हेत. तरी सुरतकरांची जीभ सव्वातीनशे वर्षांपूर्वी योग्य वाटेवर होती, याचा मला मनापासून आनंद होतो.

दुधाविषयीचे पुरावे मात्र उलटसुलट आहेत, म्हणून दूध घातले तर सगळे वाया जाते असे मी म्हणणार नाही. अडचण चवीची आहे. अननसातले ब्रोमेलिन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि पेय कडवट होते. दाटपणासाठी शहाळ्याची मलाई घ्या. ती मिळाली नाही तर चार तास भिजवलेले सात-आठ काजू.

दोन ग्लासांचे प्रमाण असे. २०० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा आणि चार-पाच मिनिटे थांबा. इथे घाई करू नका. चहाच्या सवयीने आपला हात पत्ती उकळत्या पाण्यातच टाकतो, आणि ग्रीन टी कडू लागतो ही निम्मी तक्रार त्यामुळेच असते. पाणी ८० अंशांच्या आसपास हवे. भांड्याच्या तळाशी बुडबुडे नकोत, वाफ मात्र दिसत असावी. दोन लहान चमचे पत्ती टाकून झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. रंग फिकट पिवळसर दिसेल. गडद हिरवा होण्याची वाट पाहू नका. गार झाल्यावर थोडा चहा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर मे महिन्यात उपयोगी पडतो, साध्या बर्फाने पेय पाणचट होते.

मिक्सरमध्ये वाटीभर पिकलेले अननस, बिया काढलेल्या एका संत्र्याच्या फोडी, एका शहाळ्याची मलाई, आठ-दहा पुदिन्याची पाने, बोटाच्या पेराएवढे आले आणि चिमूटभर सैंधव घाला. आधी एवढेच फिरवा. मग गार चहा आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून पुन्हा थोडेसे फिरवा. गाळू नका, चोथ्यातच फळांचे तंतू असतात. वरून चमचाभर भिजवलेला सब्जा. साखर घालायची नाही. अननस आंबट निघालेच तर एखादा खजूर. उन्हाळ्यात अननसाच्या जागी वलसाडकडचा केसर आंबा घ्या, तेव्हा संत्रे वगळा, लिंबू मात्र ठेवा.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. चहातली पॉलिफेनॉल वनस्पतीजन्य अन्नातले लोह शरीरात पुरेसे शोषू देत नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातमध्ये १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. तेव्हा बाजरीची भाकरी आणि मेथीच्या भाजीबरोबर हा ग्लास ठेवू नका. जेवण आणि पेय यांत निदान तासाभराचे अंतर हवे. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही या पेयाबरोबर नकोत. ग्रीन टीत कॅफीन असते, म्हणून लहान मुलांना देऊ नये आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असेल त्याने फळांचे प्रमाण निम्मे करावे. वजन झरझर उतरेल अशी आशा कोणी दाखवली तर ती सोडून द्या. हे चवदार, ताजे पेय आहे, औषध नव्हे.

यंदाच्या दिवाळीत फराळाची ताटे फिरून झाली, चकली-शेवेने तोंड तेलकट झाले, की दुपारी चारच्या सुमारास हे करून बघा. केल्याबरोबर प्या, फ्रीजमध्ये उद्यासाठी ठेवू नका. आणि जळगावहून आलेली केळी सकाळी, वेगळी खा.