फूड सायन्स: दोन पदव्या लवकर पदरात पडतात का?

देहूरोडच्या बारावीकरांनो, हे वाचा. चार वर्षांची ऑनर्स बीएस्सी केली, तर एमएस्सी एका वर्षात होते. यूजीसीने २०२४ मध्ये हा मार्ग खुला केला. त्याच वर्षी वेगवान पदवीलाही मान्यता दिली: चार वर्षांचा अभ्यास सहा-सात सत्रांत, जागा फार तर १० टक्के. म्हणजे कागदावर चार-साडेचार वर्षांत दोन्ही पदव्या! बी.टेक.वाल्यांनी मात्र हुरळून जाऊ नये, एम.टेक.ला दोन वर्षं लागतातच. आणि खरं सांगू? क्रेडिट्स जास्त घेता येतात, पण बिस्किटाचा पुडा किती टिकतो हे तपासायला महिनेच जातात (लोणच्याचं तर विचारूच नका). पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीचं फूड टेक्नॉलॉजी कॉलेज आहे. कुठेही प्रवेश घ्या, वेगवान पर्याय प्रत्यक्षात सुरू आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या.