बिनकागदाचे टपाल

पोस्टमन गावात येतो, घरोघरी टपाल देतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. आता आणखी एक टपाल गावात आले आहे. त्याला कागद लागत नाही. तिकीट लागत नाही. त्याला ई-मेल म्हणतात.

कॉलेजच्या प्रवेशाचे पत्र ई-मेलने येते. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे ई-मेलने येते. बँकेचा हिशेब ई-मेलने येतो. आणि ठकाचे पत्रही त्याच वाटेने येते, बरं का! म्हणून ही वाट कशी आहे ते आपल्याला माहीत हवे.

समजा, तुमची मुलगी पुण्यास शिकते. तिने सोलापूरच्या मामाला ई-मेल केला. तो कसा जातो ते पाहू.

पत्ता

ई-मेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात. मध्ये एक खूण असते. इंग्रजी 'ए' अक्षराभोवती शेपटी गुंडाळावी, तशी ती दिसते. तिला 'ॲट' म्हणतात. ॲटच्या आधी माणसाचे नाव आणि ॲटच्या पुढे त्याच्या टपाल कचेरीचे नाव. अमेरिकेतील रे टॉमलिन्सन या इंजिनियराने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे असे पत्र धाडले. ही खूण त्यानेच निवडली.

कचेरी

या टपालाची कचेरी म्हणजे एक संगणक. तो रात्रंदिवस चालू असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. मुलीच्या हातातला मोबाईल म्हणजे नुसता कागद आणि लेखणी. तिने पाठवण्याचे बटण दाबले, की पत्र तिच्या सर्व्हरकडे जाते. पेटीत पत्र टाकावे तसेच हे झाले.

आता मुलीचा सर्व्हर मामाच्या पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग वाचतो. 'या नावाचे टपाल कोणता सर्व्हर घेतो?' असे तो विचारतो. कोणाला विचारतो? इंटरनेटवर नावांची एक मोठी वही आहे. ती अनेक यंत्रांत वाटून ठेवलेली आहे. तिला डीएनएस म्हणतात. त्या वहीतून उत्तर मिळते.

मग दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात. ते बोलणे साधारण असे असते:

"रामराम, मी अमक्या नावाचा सर्व्हर."
"या."
"एक पत्र आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता असा असा."
"ठीक."
"मामांना द्यायचे आहे."
"ठीक. मामा आमच्याकडेच आहेत."
"मजकूर देऊ?"
"द्या."
मजकूर संपला, की एका ओळीवर एकटे टिंब येते. म्हणजे पत्र पुरे झाले.
"मिळाले. आता आमची जबाबदारी."

या बोलण्याचे नियम १९८२ साली ठरले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. 'ठीक' म्हणण्यासाठी सर्व्हर २५० हा आकडा पाठवतो.

मामाचा सर्व्हर बंद असला तर? मुलीचा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. नियमाप्रमाणे चार-पाच दिवस तरी वाट पाहावी असे आहे. तरीही जमले नाही, तर 'पत्र पोचले नाही' असे तो मुलीला कळवतो. पत्ताच चुकला असेल, तर बहुधा लगेच तसे कळते.

पत्र मामाच्या पेटीत पडले. मामाने मोबाईल उघडला, की ते दिसते. पेटीतले पत्र पाहण्याच्या दोन रीती आहेत. पॉप नावाच्या रीतीत पत्र उचलून घरी आणतात. आयमॅप नावाच्या रीतीत पत्र कचेरीतच राहते आणि मामा ते कोठूनही वाचतो. म्हणून मोबाईल हरवला तरी कचेरीतली पत्रे हरवत नाहीत.

पाठवणारा कोण?

आता नीट लक्ष द्या. वरच्या बोलण्यात एक गोष्ट राहिली. 'पाठवणाऱ्याचा पत्ता असा असा' हे समोरच्याने सांगितले. पण तो खरे सांगतो की खोटे, हे कोणी पाहिले?

एखाद्याने पाकिटावर 'पाठवणार : कलेक्टर कचेरी' असे लिहिले आणि पाकीट पेटीत टाकले, तर पेटी त्याला अडवते का? नाही ना? इथेही तसेच. १९८२ साली थोडेच संगणक जोडलेले होते. बहुतेक विद्यापीठांचे आणि संशोधन करणाऱ्यांचे. एकमेकांवर भरवसा होता. म्हणून नियमांत तपासणी ठेवली नव्हती.

पुढे लबाडी वाढली. मग बंदोबस्त आले. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने हीच यंत्रे टपाल टाकतील' अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर. वाटेत मजकूर बदलला, तर मोहोर जुळत नाही. यादी आणि मोहोर दोन्ही जुळली नाहीत, तर पत्राचे काय करावे, हे डीमार्क सांगते.

पण ठकही हुशार असतो. तो खऱ्या कंपनीसारखेच दिसणारे दुसरे नाव विकत घेतो. एखादे अक्षर इकडचे तिकडे. त्या नावाची मोहोर बरोबर जुळते! मोहोर पत्र कोठून आले ते सांगते. पाठवणारा सज्जन आहे की नाही, ते सांगत नाही.

समजा, ई-मेल आला : 'तुमच्या मुलाला नोकरी लागली. आज संध्याकाळपर्यंत पाच हजार रुपये भरा.' घरात आनंद होतो. आई म्हणते, "शेळी विकू, पण पैसे भरू." थांबा! शेळी एकदा गेली, की परत येत नाही. आधी एवढे करा :

१. नुसते नाव वाचू नका. त्यामागचा पूर्ण पत्ता उघडा.
२. कंपनीचा खरा पत्ता दुसरीकडून मिळवा. दोन्ही शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. घाईने वाचणाऱ्याची नजर बदललेल्या अक्षरावरून घसरते. तुम्ही अक्षर लावून वाचता, हे इथे तुमचे बळ आहे. इंग्रजी अक्षरे येत नसली, तर चित्रासारखी जुळवा, किंवा शाळेतल्या पोराला बरोबर घ्या.
३. ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरावर विचारू नका. बाहेरून मिळालेल्या नंबरावर विचारा.
४. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही ई-मेलने कळवू नका.
५. पैसे गेलेच, तर लाजू नका. ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

सांगा पाहू

ॲटच्या पुढे काय लिहितात?
मामाचा सर्व्हर बंद असेल, तर पत्राचे काय होते?
मोहोर जुळली, तरी पत्र लबाडीचे असू शकते. ते कसे?