पावाच्या कणकेतील इवल्या मूर्ती

एक्वादोरची राजधानी कितो हिच्या ईशान्येस असलेल्या काल्देरोन येथे कणकेच्या रंगीत बाहुल्या घडविण्याची परंपरा असून, तिचा उगम २ नोव्हेंबरच्या मृतात्मा दिनी, म्हणजे कॅथलिकांच्या पितृस्मरणाच्या दिवशी, केल्या जाणाऱ्या बाळाच्या आकाराच्या पावांशी जोडला जातो. घरगुती पद्धतीत मात्र शिळा पांढरा पाव अधिक सोयीचा ठरतो: कडा काढलेल्या एका स्लाइसच्या चुऱ्यात सुमारे एक मोठा चमचा पांढरा डिंक (सुतारकामातील पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट) आणि ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घालून, गोळा बोटांना चिकटेनासा होईपर्यंत मळतात. पाणी उडाले की डिंकाचा पापुद्रा पावातील स्टार्चचे कण बांधून ठेवतो. पण त्याच वेळी मूर्ती आक्रसते, आणि जाड धड व बारीक हात वेगवेगळ्या गतीने वाळत असल्यामुळे नेमकी सांध्यावर चीर पडते. म्हणूनच मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत, अधूनमधून उलटत वाळविणे श्रेयस्कर; नऊवारीच्या निऱ्या किंवा फेट्याचे पीळ सुईच्या टोकाने कोरायचे ते मात्र लगदा ओला असतानाच. शेवटी सर्व बाजूंनी व्हार्निश हवेच, विशेषतः कोकणातील पावसाळ्यात, कारण बुरशी आणि झुरळे कलाकृती व खाद्य यांत भेद करीत नाहीत.