मधुमेहात औषधाइतकीच मोलाची परिचारिकेची नजर

चेन्नईहून बेंगळुरूच्या महामार्गाने निघाले की सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागते. मराठी वाचकाच्या मनात हे नाव २१ मे १९९१ च्या रात्रीशी जोडलेले आहे. राजीव गांधी यांची हत्या झाली ती येथेच. वैष्णव भाविकांसाठी मात्र हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आहे आणि येथील आदिकेशव पेरुमाळ मंदिरात दुरून लोक येतात. अलीकडच्या काळात गावाला तिसरी ओळख मिळाली आहे, ती कारखान्यांची. १९९८ पासून जवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथे ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या. पाठोपाठ सुट्या भागांचे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आले.

गावात कारखाना आला की घराघरांतली घड्याळे बदलतात. तीन पाळ्यांचे काम, रात्रीचे जागरण, अवेळी जेवण, बसून किंवा एका जागी उभे राहून केलेले काम. शेतावर घाम गाळणाऱ्या शरीराला हा बदल सोसत नाही आणि मधुमेह मागच्या दाराने घरात शिरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर शंभर प्रौढांमागे सव्वीस जण मधुमेही आढळले.

इतक्या लोकांना डॉक्टर किती वेळ देणार? तपासणीच्या खोलीत रोग्याच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. उरलेल्या दिवसांत सुई कशी टोचायची, काय खायचे, पायाला काय झाले, लघवी किती झाली, हे पाहायचे कोणी? याचे उत्तर तामिळनाडूने परिचारिकेत शोधले.

गावाच्या वेशीवर दवाखाना

मधुमेहाकडे स्वतंत्र आजार म्हणून पाहण्याची परंपरा या भागात जुनी आहे. डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली मद्रासच्या स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहाचा वेगळा विभाग सुरू केला आणि १९५४ साली रॉयपुरम येथे रुग्णालय काढले. त्यांचे पुत्र डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००६ मध्ये तेव्हाच्या कांचीपुरम जिल्ह्यातील चुनामपेट परिसरात एक प्रयोग केला. श्रीपेरुंबुदूरही याच जिल्ह्यात येते. तपासणीची साधने बसवलेली एक मोठी गाडी ४२ खेड्यांतून फिरली. डोळ्याच्या पडद्याची छायाचित्रे उपग्रहामार्फत चेन्नईच्या तज्ज्ञांकडे जात.

तेवीस हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि ११३८ जणांना मधुमेह असल्याचे दिसले. त्यांच्यातील बहुतेकांची पुढची तपासणीही झाली. दर दहांतील तिघांच्या पायांची संवेदना कमी झाली होती आणि जवळजवळ अठरा टक्के लोकांच्या डोळ्याच्या पडद्यावर परिणाम दिसला. यानंतर गावातच नियमित उपचार मिळू लागले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी वर्षभरात सरासरी ९.३ वरून ८.५ वर आली. चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले ते शंभरात पाचपेक्षा कमी लोकांना. बाकीच्यांची काळजी गावातच घेता आली.

पुढे सरकारनेही हीच वाट धरली. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब व मधुमेहाच्या तपासणीसाठी परिचारिका नेमल्या गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकसेवा, ही योजना सुरू झाली. तीत आरोग्यसेविका घरोघरी जाऊन गोळ्या पोहोचवतात आणि रक्तदाब-साखर तपासतात.

पाण्याचा हिशेब

मधुमेहात तहान का लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही. साखर लघवीत उतरते आणि जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणून तहान, म्हणून अशक्तपणा.

वार्डात परिचारिका रोग्याच्या खाटेपाशी एक तक्ता ठेवते. पाणी, चहा, सलाइन मिळून आत किती गेले आणि लघवी, उलटी मिळून बाहेर किती आले, हे मिलिलिटरमध्ये लिहिते. याला ‘इनटेक-आउटपुट चार्ट’ म्हणतात. नातेवाइकांना ही कटकट वाटते. ‘सिस्टर, अंदाजे लिहा ना,’ असेही कोणी म्हणतो. पण जीव वाचतो तो याच आकड्यांवर. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन केले जाते, त्यामागेही हाच हिशेब असतो. एका रात्रीत किलोभर वजन घटले तर ती चरबी नव्हे, लिटरभर पाणी असते.

वृद्ध मधुमेह्यांत हा हिशेब चुकला तर फार महागात पडतो. ताप, जुलाब किंवा कडक उन्हाळा यांमुळे पाणी कमी होते, साखर ६०० च्या वर चढते आणि काही दिवसांत शरीरातील कित्येक लिटर पाणी निघून जाते. आजोबा गुंगीत असतात, असंबद्ध बोलतात. ‘वयच झाले आता,’ असे म्हणून घरचे थांबतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

तरुणांत, विशेषतः इन्शुलिनवर असलेल्या मुलांत, दुसरा धोका असतो. उलट्या, पोटदुखी, खोल व जोराचा श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास ही त्याची चिन्हे. मूल काही खात नाही म्हणून आई इन्शुलिन बंद ठेवते. ही घातक चूक आहे. आजारपणात डोस कमी-जास्त करावा लागेल, पण तो डॉक्टरांना विचारून. पूर्ण बंद कधीही करू नये. रुग्णालयात सलाइन आणि इन्शुलिन सुरू झाले की रक्तातील पोटॅशियम झपाट्याने उतरू शकते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून परिचारिका दर तासाला साखर पाहते, ठराविक वेळाने रक्त तपासणीला पाठवते आणि रात्रभर जागी राहते.

साखर नाही, तरीही तहान

दिवसाला पाच-दहा लिटर लघवी होते, घसा कोरडा पडतो, पण साखर अगदी ठीक, असेही रोगी असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे, लघवीतले पाणी राखणारे संप्रेरक यांच्यात कमी पडते. डोक्याला मार लागल्यावर किंवा त्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर असे होऊ शकते. ते प्रथम लक्षात येते बहुधा परिचारिकेच्या, कारण लघवीची पिशवी तीच मोजून रिकामी करत असते.

याच्या उलटही घडते. हे संप्रेरक जास्त झाले तर पाणी शरीरात साठते आणि रक्तातील सोडियम उतरते. रोगी सुस्तावतो, गोंधळतो, कधी आकडी येते. अशा वेळी ‘भरपूर पाणी प्या’ हा नेहमीचा सल्ला उलटा पडतो. सोडियम वाढवायचे तेही सावकाश; घाई केली तर मेंदूला इजा होते.

आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत हवी. दमा किंवा सांधेदुखीसाठी कित्येक जण महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. त्या काळात शरीराची स्वतःची संप्रेरके मंदावतात. गोळ्या एकदम सोडल्या तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी कराव्यात.

पाय वाचवणारे हात

मधुमेही माणसाचा पाय जातो तो बहुधा एका लहानशा जखमेपायी. संवेदना नसल्यामुळे खिळा टोचलेला कळत नाही. कारखान्यातला जड बूट बोटाला घासत राहतो. भर दुपारी मंदिराच्या तापलेल्या दगडी फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली तर तळव्याला फोड येतात आणि भाविकाला ते रात्री घरी गेल्यावर दिसतात. श्रीपेरुंबुदूरच्या मंदिरात काय किंवा पंढरीच्या वाटेवर काय, धोका एकच. प्रदक्षिणा सकाळी लवकर घालावी, जाड मोजे घालावेत.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान मोठे आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी पायांच्या काळजीचा ‘स्टेप बाय स्टेप’ प्रकल्प उभारला. त्याचे वैशिष्ट्य असे की प्रशिक्षणाला डॉक्टरने एकट्याने यायचे नाही. सोबत परिचारिका किंवा सहायक हवाच. कारण भोवरी तासणे, जखम धुणे, पट्टी बांधणे आणि रोग्याला चार गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणे हे काम शेवटी त्याच हातांना करायचे असते.

तपासणीही सोपी आहे. नायलॉनच्या एका जाडसर धाग्याचे टोक तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचे आणि डोळे मिटलेल्या रोग्याने ‘लागले’ म्हणायचे. जिथे तो गप्प राहतो, तिथे धोका आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी ही तपासणी मागून घ्यावी.

घरच्यांनी शिकावे असे काही

– साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, धडधड जाणवली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग जेवण द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे.

– पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते. मग गोळीची, इन्शुलिनची वेळही डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी. औषध घेऊन उपाशी कामावर जाऊ नये.

– इन्शुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. फ्रिज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बेताने ठेवता येते.

– सुई रोज त्याच जागी टोचू नये. तेथे गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही.

– रात्री झोपण्यापूर्वी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. गरम पाण्याचा शेक घेऊ नये.

– वारंवार उलट्या, वाढती गुंगी, धाप किंवा काळी पडत चाललेली जखम दिसली की सकाळची वाट पाहू नये.

रुग्णालयातून सुटी मिळते त्या दिवशी सगळ्यांना बिल भरण्याची आणि रिक्षा आणण्याची घाई असते. त्या गडबडीत परिचारिका काही सांगत असते, तिकडे कोणाचे लक्ष नसते. त्या वेळी घरातील एकाने तरी वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसावे, सुई तिच्यासमोर एकदा टोचून दाखवावी आणि शंका विचाराव्यात. घरी गेल्यावर तिचे काम आता त्यालाच करायचे असते.