बर्फाचं वय: गणित आणि साक्षीदार

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याचंच एक उदाहरण, पार अंटार्क्टिकातलं.

तिथे पडलेलं हिम सहसा वितळत नाही, थरावर थर साचत जातो. इथल्या अप्पा बळवंत चौकात दुकानातली पुस्तकांची थप्पी पाहा. तळातलं पुस्तक सर्वांत आधी ठेवलेलं. तसंच हे. भोक पाडून या बर्फाचा लांब दंडगोल काढतात, तो ‘आइस कोअर’. आपल्या गोव्यात, वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात असे कोअर अभ्यासले जातात. वरच्या भागात वर्षावर्षाचे थर मोजता येतात. खोल गेलं की थर इतके पातळ होतात की मोजणीच थांबते.

पातळ का होतात? भाकरी थापताना गोळा पसरतो ना, तसा वजनाखाली बर्फ बाजूला सरकत जातो. जॉन नाय यांचं सोपं गणित असं: थर तळापासून जितका उंच, त्या प्रमाणात जाड. समजा, बर्फ ३,००० मीटर जाड आहे आणि वर्षाला ३ सेंटिमीटर भर पडते. तळापासून ३०० मीटरवरच्या बर्फाचं वय नुसत्या भागाकारानं ९०,००० वर्षं येतं. प्रवाह धरला, की सुमारे २,३०,०००!

आता तुम्ही विचाराल, भर कायम ३ सेंटिमीटरच होती कशावरून? रास्त शंका. हिमयुगात तिथे हिम कमी पडायचं. नैयायिक याला उपाधी म्हणतात. ‘जिथे अग्नी, तिथे धूर’ हे सरपण ओलं असेल तरच खरं.

म्हणून साक्षीदार लागतात. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याचं आम्ल बर्फात सापडतं. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकत्व क्षीण झालं, वैश्विक किरण जास्त आले आणि बेरिलियम-१० वाढलं. तेही बर्फात दिसतं. अशा खुणांशी जुळेल असं गणित बसवतात.

पण खरी मेख इथेच आहे. ज्या खुणेवर गणित बसवलं, तीच खूण पुन्हा गणिताचा पुरावा म्हणून दाखवता येत नाही. तो अन्योन्याश्रय झाला. शिवाय अगदी तळाशी थर दुमडलेले असू शकतात. तिथे ‘खाली ते जुनं’ हा नियमच डळमळतो.

डोम सी इथला कोअर आठ लाख वर्षांचा, असं तुम्ही वाचाल. तो आकडा हवेतला नाही. पण असा कुठलाही आकडा दिसला, की दोन प्रश्न विचारा: गणित कोणत्या खुणांवर बसवलं? आणि तपासायला कोणती खूण बाजूला राखली?