दहा हजारांत एक पाहुणा

जूनमध्ये वळवाचे दोन-चार पाऊस झाले की कर्जतच्या डोंगरपायथ्याला एखादं झाड काजव्यांनी लगडून जातं. मागे एकदा फोटोसाठी फोन उघडला आणि काजवेच दिसेनासे झाले. ओएलईडी पडद्याने डोळे दिपले होते. गंमत म्हणजे दोन्हीकडे काम एकच चाललं होतं: कार्बनी रेणूला जादा ऊर्जा मिळते, ती तो उजेड म्हणून टाकून देतो.

काजव्याच्या पोटात ही ऊर्जा ल्युसिफेरिन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून येते, आणि ज्या रेणूला मिळाली त्याच्याकडेच संपते. स्फटिकात मात्र ती भटकते.

डांबरगोळीतलं नॅफ्थॅलीन दोन कड्यांचं, त्याचं भावंड अँथ्रासीन तीन कड्यांचं. अँथ्रासीनचा शुद्ध स्फटिक अतिनील दिव्याखाली निळा-जांभळा चमकतो. आता त्यात चार कड्यांचं टेट्रासीन मिसळा, दहा हजार रेणूंत एखादा. निळा जवळपास गायब, स्फटिक हिरवा! ऊर्जा तर बहुतेक सगळी अँथ्रासीननेच शोषली होती. मग उजळला पाहुणा कसा?

याकोव फ्रेंकेल यांनी 1931 साली मांडलेली कल्पना इथे कामी येते. रेणू जागचे हलत नाहीत, उत्तेजना तेवढी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तिलाच एक्झायटॉन म्हणतात. आयुष्य काही नॅनोसेकंदांचं, पण तेवढ्यात ती हजारो शेजाऱ्यांकडे जाऊन येते. वाटेत टेट्रासीन भेटलं की अडकते, कारण त्याची ऊर्जेची पायरी खालची. खालापूर तालुक्यातल्यांना हे सांगायला नको. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी 1915 पासून घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात येतंय, ते आपणहून परत वर चढलंय का कधी?

फोनच्या पडद्यात मात्र स्फटिक नसतो, निर्वात पात्रात वाफेने चढवलेला पातळ थर असतो. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये दाखवलेल्या ओएलईडी दिव्यातले दोन्ही थर मिळून केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्शाइतके. त्यात रेणू अस्ताव्यस्त पडलेले, त्यामुळे उत्तेजना फार लांब जात नाही. पण पाहुणा जवळच बसवला तर लांब जायची गरजच काय? 1989 मध्ये त्यांनी थरात रंगद्रव्याचे थोडे रेणू घालून उजेडाचा रंगच बदलून दाखवला.

म्हणजे त्या रात्री डोळ्यांत घुसलेल्या फोनच्या उजेडातला हिरवाही अशाच कुणा पाहुण्याचा. फोन खिशात टाकला, तरी काजवे परत दिसायला बराच वेळ गेला.