जुन्या एरोबॅटिक मॉडेल विमानाला प्रोपेलर कोणता लावायचा?

आजचा विषय तसा छोटा आहे. पण सातारा-सांगलीकडे ज्यांच्या माळ्यावर एखादं जुनं बाल्साचं रेडिओ कंट्रोल विमान धूळ खात पडलंय, त्यांच्या कामाचा आहे.

कोणती विमानं म्हणतोय आपण? फिल क्राफ्ट 1967 साली कॉर्सिकात ज्या क्विक-फ्लायवर जगज्जेता झाला, हानो प्रेटनर 1977 साली ज्या क्युरारेवर झाला, त्या घराण्यातली. तेव्हा स्पर्धेच्या नियमात इंजिन 10 सीसीपर्यंतच असे. त्यालाच आपण 'साठचं इंजिन' म्हणतो. या इंजिनांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. चुकीचा प्रोपेलर लावला तर इंजिन जातं, कधी विमान जातं, आणि पातं तुटलं तर माणसालाही इजा होते.

आधी आकडे समजून घेऊ. प्रोपेलरवर 11×7 लिहिलेलं असतं. 11 इंच हा व्यास, 7 इंच हा पिच. स्क्रू एका फेरीत जसा एक आटा पुढे सरकतो, तसा हा प्रोपेलर न घसरता एका फेरीत 7 इंच पुढे जाईल. म्हणजे पिच हा गिअर झाला. खंबाटकी घाट चढताना दुसरा गिअर लागतो, सपाटीला तो कामाचा नाही. मिनिटाला 11,000 फेरे धरले तर 7 पिचचा हिशेबी वेग ताशी सुमारे 117 किलोमीटर येतो, 5 पिचचा फक्त 84.

आता इंजिनवरचा भार. ढोबळ नियम असा: व्यासाचा चौथा घात गुणिले पिच. व्यास एका इंचाने वाढवला तर भार किती वाढतो बघा. 11×7, 12×5 आणि 10×10 हे तिन्ही प्रोपेलर इंजिनला जवळजवळ सारखेच जड पडतात. भार सारखा, पण स्वभाव अगदी वेगळा. 12×5 जोरात खेचतो पण धावत नाही, 10×10 धावतो पण उडताना आळशी.

मग जास्त खेचणारा घ्यावा का? इथेच बहुतेकांची गल्लत होते. आजची स्पर्धेची विमानं ताकदीच्या जोरावर सगळी कसरत जवळपास एकाच वेगाने करतात. जुन्या विमानांकडे तेवढी ताकद नसते. ती सपाटीला वेग साठवतात आणि त्या वेगावर उभी चढतात. पिच फार कमी केला तर साठवायला वेगच उरत नाही, आणि मोठा लूप वरच्या टोकाला कोसळतो. म्हणून साध्या सायलेन्सरच्या साठच्या इंजिनाला 11×7 पासून सुरुवात करावी. विमान जड असेल तर 12×6, हलकं आणि गुळगुळीत असेल तर 11×8 लावून पाहावा.

आता आपल्या भागाची गोष्ट. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचं पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर. पठारावर 25 अंशाला हवा मानक हवेपेक्षा सुमारे 16 टक्के विरळ असते. पण सांगलीत एप्रिलच्या दुपारी 38 अंशाला ती 13 टक्के विरळ होते! म्हणजे उन्हाळ्यात सांगलीकराचं विमानही जवळपास पठारावरच उडत असतं.

विरळ हवेत इंजिनची ताकद घटते, पण प्रोपेलरचा भारही त्याच प्रमाणात घटतो. त्यामुळे फेरे जवळजवळ तेवढेच दिसतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. खेच मात्र कमी झालेली असते, आणि उतरताना विमान नेहमीपेक्षा वेगात येतं. उपाय साधा: सकाळी लवकर उडवा, मिश्रण पुन्हा जुळवा आणि धावपट्टी लांब धरा. इलेक्ट्रिक मोटर लावली असेल तर तिची ताकद हवेवर अवलंबून नसते. तिला व्यास थोडा वाढवता येतो, फक्त अँपिअर मोजून.

फेरे टॅकोमीटरने मोजा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली, दोन पात्यांच्या सेटिंगला, त्यावर 3,000 दिसायला हवेत. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, त्याचा हा हिशेब. टॅकोमीटर खरा की खोटा, ते घरबसल्या कळतं. आणि लक्षात ठेवा, जमिनीवर दिसतात त्यापेक्षा हवेत फेरे वाढतात, खाली झेपावताना आणखी. प्रोपेलर फार छोटा असेल तर जुनी बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड तिथेच दगा देतात. फार मोठा असेल तर इंजिन तापतं.

शेवटी सुरक्षितता. 11 इंची पात्याचं टोक 11,000 फेऱ्यांना ताशी 580 किलोमीटरच्या आसपास धावतं. म्हणून जुन्या पेटीतला पांढरा पडलेला, कडक झालेला नायलॉनचा प्रोपेलर फेकून द्या. टवका उडालेला चिकटवू नका. नवा असला तरी समतोल तपासा. इलेक्ट्रिकसाठीचे हलके 'स्लो फ्लायर' प्रोपेलर इंजिनला कधीच लावू नका. एपीसी कंपनीची मर्यादाच पाहा: ग्लो इंजिनच्या प्रोपेलरला 1,90,000 भागिले व्यास, स्लो फ्लायरला 65,000 भागिले व्यास. म्हणजे 11 इंचाला एकीकडे 17,000 च्या वर, दुसरीकडे सहा हजारही नाहीत. इंजिन चालू असताना पात्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पोरं असतील तर आधी त्यांना मागे घ्या.

उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा, कराडला विमानतळ आहे. आणि कास पठार जागतिक वारसा आहे, तिथे फुलंच बघायला जावं.

आता प्रश्न घेऊ.